बंदरपट्टी, जंगलपट्टी आणि कॅमेरा

पालघर जिल्ह्याची वाटणी सरकारी नकाशाच्या आधी लोकांच्या बोलीत झालेली आहे. समुद्रालगतची ती बंदरपट्टी, आणि महामार्ग ओलांडून पूर्वेकडे डोंगर चढू लागले की जंगलपट्टी. वसई, सातपाटी, चिंचणी, डहाणू, झाई ही बंदरपट्टीची गावे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड ही जंगलपट्टीची. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला तेव्हा दोन्ही पट्ट्या पुन्हा एकाच कारभाराखाली राहिल्या. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर आहे. डहाणूचा किनारा इथून रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर. इथल्या पॉइंटांवरून दऱ्या दिसतात, सूर्यास्त दिसतो. समुद्र दिसत नाही. तरीही या किनाऱ्यावर गेल्या दीडशे वर्षांत काय बदलले याची छायाचित्रांतून नोंद घ्यायची, तर ती जव्हार-मोखाड्याशिवाय अर्धवट राहते. किनाऱ्यावरच्या बांधकामाला, वीटभट्ट्यांना, रेतीला लागणारे हात इथून उतरतात, आणि किनाऱ्यावरच्या महानगराला लागणारे पाणीही याच डोंगरांतून जाते.

दस्तऐवजी छायाचित्रण म्हणजे नुसते घडलेल्याचे छायाचित्र नव्हे. वृत्तछायाचित्रकार घटनेच्या दिवशी येतो. दस्तऐवज करणारा घटनेच्या आधी आणि नंतरही येतो. त्याच गावात, त्याच घरात, दोन-चार हंगाम तो हजेरी लावतो. एकेका चित्रापेक्षा त्यांच्या क्रमाला तो अधिक मानतो, आणि चित्राखालच्या ओळीला चित्राइतकेच वजन देतो. या कसोटीवर पालघरच्या किनाऱ्याची आणि डोंगरांची बहुतेक छायाचित्रे उतरत नाहीत. चित्रे थोडी नाहीत, ढिगाने आहेत. पण ती एकमेकांना ओळखत नाहीत.

मुंबई इलाख्यात कॅमेरा लवकर आला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना 1854 ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतली देशी नावे. मुंबई शहरातच राहणाऱ्या विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली प्रसिद्ध केले. त्यातली करामत पाहण्यासारखी आहे. माणसांचे छायाचित्र एकीकडे घ्यायचे, पार्श्वभूमीचे दुसरीकडे, आणि छापताना दोन्ही एकत्र जोडायची. पाहणाऱ्याला वाटावे की ही मंडळी आपल्याच अंगणात उभी आहेत. प्रत्यक्षात अंगण निराळ्या काचेवरचे. चित्राखाली बहुधा जातीचे नाव, माणसाचे नाही. 1868 ते 1875 या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांनी हीच रीत देशभर नेली. माणूस म्हणजे जमातीचा नमुना, ही त्या काळाची समजूत. ती समजूत गेली म्हणतात, पण तारपा वाजवणाऱ्या वृद्धाचे छायाचित्र आजही केवळ ‘वारली वादक’ एवढ्याच ओळीवर छापले जाते, तेव्हा जॉन्सन फार लांब गेलेला नसतो.

जमातीच्या नमुन्यातला माणूस सभेला आणि संपाला उतरला तो 1945 साली. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात तलासरीजवळच्या झरीला हजारो वारली आदिवासी जमले, आणि वेठबिगार व लग्नगडी या प्रथा मोडण्याचा लढा सुरू झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचे, ही लग्नगड्याची रीत. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे मेली. याच वर्षांत कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांसाठी सुनील जाना देशभर हिंडून छायाचित्रे काढत होते; 1943 च्या बंगालच्या दुष्काळातली त्यांची चित्रे छापून आली तेव्हा राजकीय पत्रात छायाचित्राला काय काम असते ते भारतात प्रथमच दिसले. चळवळीने कॅमेऱ्याला शिकवले ते एवढेच की कॅमेरा कोणत्या बाजूला उभा आहे, हे लपवून चालत नाही. पण वारल्यांच्या लढ्याची ओळख मराठी वाचकाला झाली ती चित्रांमुळे नव्हे. ती करून दिली लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 साली आलेल्या आणि पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाने. झरीच्या सभेला जमलेल्या हजारोंचे चेहरे वाचकाच्या मनात आहेत ते शब्दांतून आलेले. त्या पिढीची घरे, त्यांचे कपडे, सावकाराचा वाडा आणि त्यापुढचे खळे यांची सलग चित्रमालिका महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीत नाही, ही उणीव मोठी आहे.

स्वातंत्र्यानंतर बंदरपट्टी झपाट्याने बदलली. 1969 साली तारापूरची अणुभट्टी सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. अणुभट्टीचा नंतर विस्तार झाला तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. या सगळ्याची छायाचित्रे निघाली. घुमट, चिमण्या, फीत कापणारे हात. उठलेल्या गावांतल्या चुलींची, तुळशीवृंदावनांची आणि ओट्यांवरच्या जाळ्यांची निघाली असली तर ती घराघरांतल्या अल्बमांत. याच काळात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून वारली चित्र भिंतीवरून कागदावर उतरले आणि जगभर गेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते वारले. मशे यांच्या चित्रांत जाळे टाकणारे कोळीही आहेत आणि मुंग्यांच्या वारुळासारखी गजबजलेली शेतेही. बंदरपट्टी आणि जंगलपट्टी एकाच चौकटीत मावते हे कॅमेऱ्याला जमण्याआधी तांदळाच्या पिठाला आणि बांबूच्या काडीला जमले होते.

डहाणूच्या किनाऱ्याची गोष्ट कायद्याने निराळी झाली. 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि 1998 साली याच तालुक्यातल्या वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव त्या प्राधिकरणाने फेटाळला. न्या. धर्माधिकारी 2019 च्या जानेवारीत निवर्तले. बंदराचा प्रस्ताव तोवर पुन्हा उभा राहिला होता. 31 जुलै 2023 रोजी प्राधिकरणाने ना-हरकत दिली, 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली, आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. बंदरासाठी समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव घालायचा आहे.

बंदराविरुद्धच्या लढ्याची छायाचित्रे भरपूर आहेत. डिसेंबर 2020 मध्ये कफ परेडपासून झाईपर्यंतच्या कोळीवाड्यांनी पुकारलेला बंद, काळे झेंडे, किनाऱ्यावरच्या मानवी साखळ्या, होडीवर उभे राहून दिलेल्या घोषणा. निषेधाचे छायाचित्र काढणे सोपे असते, कारण माणसे स्वतःच चौकटीत येऊन उभी राहतात. कठीण असते ते रोजचे. ओहोटीला वाढवणचा खडकाळ किनारा दूरवर उघडा पडतो; त्या खडकांत बायका वाकून कालवे काढतात, तेव्हा पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत घरोघरी डायमेकिंग चालते. सोन्याच्या दागिन्यांवरची नक्षी ज्या पोलादी ठशांतून उमटते, ते ठसे कोरण्याचा हा धंदा. ओटीवर बसून, डोळ्याला भिंग लावून कोरीवकाम करणारा माणूस ‘मच्छीमारांचा विरोध’ या मथळ्याखाली बसत नाही, म्हणून तो चित्रांतून गळतो. बंदर झाले किंवा न झाले तरी या ओट्या आज कशा आहेत याची नोंद आजच व्हायला हवी. सातपाटीतही तेच. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचे छायाचित्र प्रत्येक पर्यटक काढतो. 2023 साली राज्यमासा ठरलेल्या पापलेटची आवक घटल्याने त्याच गावातली पोरे कोणती नोकरी धरतात, हे चित्रांत क्वचितच येते.

बंदर या विषयावर जगात झालेले सर्वांत धीराचे काम अमेरिकन छायाचित्रकार अॅलन सेकुला यांचे. 1995 साली आलेल्या ‘फिश स्टोरी’त त्यांनी अनेक देशांतली बंदरे, गोद्या आणि खलाशी यांचा माग काढला. कंटेनर आला की माल दिसेनासा होतो आणि मालाबरोबर माणूसही दिसेनासा होतो, हे त्या पुस्तकाचे म्हणणे. वाढवणची कंटेनर गोदी उभी राहील तेव्हा हे म्हणणे पालघरच्या छायाचित्रकाराला फार दूरचे वाटणार नाही.

आता घाट चढून जंगलपट्टीत यायचे. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषण आणि आजारांनी शंभरावर बालके दगावली. जव्हारचे नाव राज्याच्या पहिल्या पानावर आले ते तेव्हा. हाडांवर ताणलेली कातडी, फुगलेले पोट, आईच्या मांडीवरचे मोठ्या डोळ्यांचे मूल. ही प्रतिमा तेव्हापासून जव्हार-मोखाड्याला चिकटली आणि 2016 साली मोखाड्यात पुन्हा बालमृत्यू झाले तेव्हा तीच प्रतिमा नव्या तारखेने छापली गेली. तिने काही केले नाही असे म्हणता येत नाही. मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. पण भुकेचे छायाचित्र भुकेचे कारण दाखवू शकत नाही. मूल का वाळले, तर त्याची आई सहा महिने वीटभट्टीवर होती, अंगणवाडीचे रजिस्टर गावात राहिले आणि मूल गावाबाहेर गेले. हे दाखवायला एक चित्र पुरत नाही. शिवाय 2015 च्या बालन्याय कायद्याचे कलम 74 काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्याला मनाई करते. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या मुलाला नाव विचारलेले नाही त्याचा चेहरा राज्यभर नेण्यात संकोच वाटायला हवा.

उन्हाळ्यात दुसरी प्रतिमा येते, विहिरीची. खोल विहिरीत दोराने उतरलेली बाई, वर वाटीवाटीने भरला जाणारा हंडा, काठावर टँकरची वाट पाहणाऱ्या कळशांची रांग. मोखाड्याचे हे चित्र दर एप्रिल-मेमध्ये छापले जाते, आणि गेल्या वर्षीचे यंदा छापले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवले तरच त्याला अर्थ येतो. मोखाडा-शहापूरच्या सीमेवर वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभे आहे, उंची शंभर मीटरच्या वर. मुंबईला दिवसाला 455 दशलक्ष लिटर पाणी पुरवण्यासाठी ते बांधले. पाऊस इथे तुफान पडतो. तो उतारावरून वाहून जातो, धरणात अडतो आणि नळाने किनाऱ्याला जातो. टँकर आणि जलवाहिनी एकाच पानावर छापणारे संपादक थोडे.

तिसरी प्रतिमा उत्सवाची, आणि तिच्यावर छायाचित्रकारांचा सर्वांत जास्त जीव. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा रात्रभराचा खेळ. संबळ आणि सनई वाजू लागते, मग एकेक सोंग येते. गणपती, सरस्वती, नृसिंह, राक्षस, शेवटी देवी. कागदाच्या लगद्याचे, लाकडाचे, ढोबळ रंगांचे भले मोठे मुखवटे. पूर्वी सोंगापुढे टेंभा चाले. आता हॅलोजनचा पांढरा झोत पडतो आणि मुखवट्याच्या नाकाची सावली नाहीशी होते, अशी जुन्या छायाचित्रकारांची तक्रार असते. तक्रार खरी आहे, पण ती छायाचित्रकाराची. नाचणाऱ्याला पायाखालचा दगड दिसतो याचे समाधान अधिक. बोहाड्याचे दिवस उन्हाळ्याकडे झुकणारे, म्हणजे नेमके स्थलांतराच्या हंगामातले. मुखवट्यामागचा माणूस त्या आठवड्यात कोणत्या भट्टीवर कामाला आहे, किती दिवसांचा खाडा करून गावी आला आहे, हे विचारले की उत्सवाचे चित्र एकदम बंदरपट्टीशी जोडले जाते. बहुतेक कॅमेरे मुखवटा उतरण्याआधीच परततात.

या भागात स्थलांतर हा शब्द सरकारी कागदात आहे. लोक म्हणतात, ‘जगायला जातो’. भात कापून झोडून झाले, दिवाळी उरकली, की जगायला जायचे दिवस येतात. मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, कधी पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा, कधी लग्नासाठी. लग्नाच्या कर्जापायी जोडप्याने राबायचे, ही 1945 ची गोष्ट इथे थोडी ओळखीची वाटते. मग एके सकाळी रस्त्याला टेंपो लागतो. त्यात चढते ते सामान ठरलेले: तांदळाचे गोणपाट, तवा, दोन-तीन पातेली, गोधड्यांचे गाठोडे, खोपीवर टाकायचे प्लास्टिक, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, कोयता. वरती माणसे, आणि माणसांच्या मध्ये दप्तर असलेले किंवा नसलेले पोर. घराच्या दाराला कुलूप किंवा नुसती कडी; म्हातारी माणसे मागे. टेंपो घाट उतरतो आणि भिवंडी, वसई, कल्याण, पालघर अशा वाटा फुटतात. कोणी भट्टीवर, कोणी शहराच्या नाक्यावर बांधकामाला, कोणी खाडीत डुबी मारून बादलीने रेती काढायला, कोणी नाशिककडे द्राक्षाच्या बागांत. डहाणू-तलासरीकडची पोरे खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर चढतात. त्यांतली काही सागरी हद्दीच्या वादात सापडून कराचीच्या तुरुंगात पोचतात, आणि बातमीसोबत द्यायला बऱ्याचदा घरात ओळखपत्रावरचा तेवढा फोटो निघतो.

भट्टीवर खोपी बांधतात ती कच्च्या विटांची, माणूस वाकून आत जाईल एवढी. रात्री गारा तुडवायचा, पहाटे साच्यात विटा मारायच्या, दुपारपर्यंत ओळी लावायच्या. या विटांतून वसई-विरार, नालासोपारा, बोईसर वर चढले. किनाऱ्यावरच्या बदलाचे सगळ्यांत डोळ्यांत भरणारे चित्र म्हणजे खाजणाकाठी उभ्या राहिलेल्या इमारती. त्या इमारतींचे कच्चे रूप जव्हारच्या बाईच्या हाताखालून गेलेले असते. टेंपो, खोपी, वीट, इमारत, आणि जूनमध्ये हिशेब होऊन परतणारे तेच गाठोडे. एवढा क्रम एका कुटुंबामागे राहून कोणी काढला, तर पालघर जिल्ह्याचा आर्थिक इतिहास पन्नास चित्रांत मावेल. अडचण वेळेची आहे, आणि परवानगीची. भट्टीमालकाला कॅमेरा नको असतो. कुटुंबालाही बऱ्याचदा नको असतो, कारण उचल अजून फिटलेली नसते.

अशा नकाराचे काय करायचे, याचे एक उत्तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मिळाले होते. लाइनमथ या ठिकाणी खाणीतून समुद्रात गेलेला कोळसा लाटांबरोबर परत येई आणि घोडागाड्या घेऊन लोक तो गोळा करत. ख्रिस किलिप हा छायाचित्रकार 1976 साली तिथे गेला तेव्हा त्याला हुसकून लावले. तो पुन्हापुन्हा गेला. 1982 मध्ये त्याला राहू दिले, मग त्याने तिथेच कॅरॅव्हॅन लावून मुक्काम केला. ‘इन फ्लॅग्रांटे’ हे त्याचे पुस्तक 1988 चे. त्याच किनाऱ्यावर बरेच दक्षिणेला असलेल्या स्किनिंग्रोव्ह या मासेमारांच्या गावातले दोन तरुण समुद्रात बुडाले तेव्हा त्यांतल्या एकाच्या आईला त्याने मुलाच्या छायाचित्रांचा अल्बम दिला. भारतात केरळच्या के. आर. सुनील यांनी पोन्नानी या उतरणीला लागलेल्या बंदरातली माणसे अशीच जवळून टिपली. 2016 च्या कोची बिएनालेत ती मालिका लागली. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या कणकवलीचे इंद्रजित खांबे यांनी दशावतारी कलावंतांची रंगमंचामागची रात्र टिपली, ती तिथेच राहणाऱ्या माणसाच्या नजरेने.

20 डिसेंबर 2014 रोजी पत्रकार पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात पालघरच्या आदिवासी पाड्यांवरचे बरेच काम आहे, आणि ते मराठीतही वाचता येते. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या धिंडा यांच्यावरचा लेख त्यातलाच. तिथे ते नमुना नाहीत. त्यांना नाव आहे, गाव आहे, आणि तारप्याबद्दल ते स्वतः बोलतात. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या फुटलेल्या तळपायांची छायाचित्रे शहराने पाहिली तीही अशाच, मोर्चाबरोबर चाललेल्या छायाचित्रकारांमुळे. त्या मोर्चात वनहक्काची मागणी होती. वनहक्क कायद्याच्या दाव्यात घर, झोपडी, बांध, विहीर अशा जमिनीवरच्या खुणा पुरावा म्हणून चालतात, उपग्रहाचे चित्रही चालते. जव्हार परिसरात ‘वयम्’सारख्या चळवळींनी गावकऱ्यांना हे दावे स्वतः मांडायला शिकवले. जुन्या बांधावर उभ्या आजोबांचा एखादा फोटो घरात असता, तर तो प्रदर्शनात नव्हे, वनहक्क समितीपुढे ठेवता आला असता. छायाचित्राचा इतका रोकडा उपयोग कलासमीक्षेच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

आता मोबाइल प्रत्येक टेंपोत आहे. जव्हारची पोरे भट्टीवरून व्हिडिओ टाकतात, बोहाड्याचे थेट प्रक्षेपण करतात. चित्रांचा तुटवडा संपला, जपणुकीचा सुरू झाला. फोन बिघडला की वर्ष गेले. ठाण्यात पराग तांडेल आणि कादंबरी कोळी-तांडेल यांनी कोळी समाजाच्या वस्तू, शब्द आणि छायाचित्रे जपण्यासाठी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ उभा केला. तोही मोठ्या संस्थेने नव्हे, कोळीवाड्यातल्या कलावंतांनीच. जंगलपट्टीत असा संग्रह करायचा तर जव्हारसारखी जागा दुसरी नाही: तालुक्याचे गाव, जुन्या संस्थानाची राजधानी, महाविद्यालय असलेले, आणि सगळ्या पाड्यांची एसटी जिथे येते ते. त्याला लागेल ते थोडेच आहे. एक स्कॅनर, एक कोरडी खोली, आणि प्रत्येक चित्रामागे माणसाचे नाव, पाडा, वर्ष आणि त्या वर्षी ते कुटुंब जगायला कुठे गेले होते, हे लिहून घेणारा माणूस.

दिवाळीच्या दिवसांत जव्हार-मोखाड्यात भात झोडून होत आलेले असते. तुळशीचे लग्न लागेपर्यंत पहिले टेंपो घाट उतरतात.